टायरांना टोपडी

गुजरीच्या अलीकडे, घाट उतरून संपला तेव्हा
मागे काहीतरी फुटलं.
यदुनाथ म्हणाले, ट्रकचं असेल कुणाच्या.
आरशात पाहिलं तर
आमच्या मागून रस्त्यावर तूरडाळ येत होती.

डावं टायर. सुटलेल्या पट्ट्याने
चाबकासारखं फटकारत
खालचा पत्रा उचकटला होता, पाण्याचा पाइप,
माझ्या ओट्याचं दार, डाळीचा डबा.
मे महिना, दुपारचे दोन, महेश्वर अजून लांब,
आणि आम्ही दोघं मातीत बसून
अंगणात तीन वर्षं खपून बांधलेल्या
जीपमागच्या घराकडे
पहिल्यांदाच खालून पाहत होतो.

"नवं होतं हो," मी म्हटलं. "नक्षी तर बघा,
अजून बोटाचं पेर बुडतंय."

देवास नाक्याच्या कैलाश चौकसेने नक्षी पाहिलीच नाही.
जोडीतलं उजवं टायर उतरवलं, ओल्या बोटाने कड पुसली,
आणि लंबगोलातले चार आकडे वाचून दाखवले:
चौतिसावा आठवडा, सोळा साल.
राखीच्या सुमाराचा जन्म.
म्हणजे आठ वर्षं. त्यातली पाच दुकानाच्या माळ्यावर,
तीन आमच्याकडे, पश्चिमेच्या उन्हात,
एकाच जागी, एकाच कुशीवर.
त्याने रबर दाबून वाकवलं
तर माझ्या टाचांना पडतात
तशाच भेगा.
"भाभीजी, ट्राली का टायर चल के नहीं मरता,
खड़े-खड़े मरता है."

यदुनाथना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग धर्मकाटा.
गहू तोलतात तिथे आमचा संसार,
आधी एक चाक, मग दुसरं.
उजवीकडे पाचशे नव्वद.
डावीकडे सातशे ऐंशी.
डावीकडे माझं स्वयंपाकघर.
चाळीस वर्षं जे घुमवून फिरवून ऐकलं
ते कुणी असं पावतीवर छापून दिलं नव्हतं.
पितळी परात काढली. वरवंटा काढला
(पाटा घरीच होता, वरवंटा कशाला घेतला
ते विचारू नका).
पाण्याची टाकी उजवीकडे गेली, हत्यारांची पेटीही,
आणि त्यांची ती सतरंजी, जी कधी अंथरलीच नाही,
ती गेली भाचीकडे.

आता गाडी उभी असते फळ्यांवर,
पुरती हवा भरून,
आणि नव्या चाकांना मी
जुन्या सोफ्याच्या कापडाची टोपडी शिवली आहेत,
खाली नाडी.
समोरच्या खंडेलवाल वहिनी विचारतात,
बारसं कधी?

निघायच्या दिवशी पहाटे पाचला,
ऊन चाकाला शिवायच्या आत,
मी गुडघा टेकून गेज लावते.
पासष्ट. पासष्ट.
थंड असतानाच विचारायचं;
तापलेलं टायर वाढवून सांगतं.
स्टेपनीलाही विचारते. तिला कोण विचारतं?

वळणं मोठी घेतो आता.
पलासियाला दुभाजकाची कड
मागच्या चाकाची साल काढायची, ते बंद.
काटा ऐंशीच्या वर गेला की मी खोकते.
यदुनाथ म्हणतात, औषध घे.
पण पाय उचलतात.

मानपूरला ते चहा सांगतात, मी मागे जाते.
तळवा नाही, हाताची पाठ लावते,
तापलेल्या लेकराच्या मानेला लावावी तशी,
टायरला, मग चाकाच्या बुडख्याला.
डावं. उजवं. पुन्हा डावं.
कोमट आहेत, दोन्ही सारखीच कोमट.

टपरीवरचा पोरगा ओरडतो, आंटी, चाय ठंडी हो री है.
होऊ दे.
घाट अजून पुढे आहे.